पहिलंच ‘नको’

सन २०६१ मधली गोष्ट. मिरजेच्या केतकीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. जेवताना ती "नको" म्हणायची, तरी ताटात पोळी पडायचीच आणि पडलेली पोळी पोटातही जायची! वाढणारा होता वाढू, तिच्या शास्त्रज्ञ आजोबांनी बनवलेला यंत्रमानव.

मागच्या सहलीला दंडोबाचा डोंगर चढताना केतकी अर्ध्यातच धापा टाकत बसली होती. सगळे वर आणि ही खाली, दप्तरं राखत. फार वाईट वाटलं होतं तिला. यंदा माथा गाठायचाच, म्हणून वजन उतरवायला तिने दुपारचं जेवणच सोडलं. संध्याकाळी भूक अशी खवळली, की फरसाणाचा अख्खा डबा फस्त!

"उपाशी राहू नकोस, बाळ. तुझं वाढतं वय," आजोबा म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाल्या? उंची वाढू दे. वजन आहे तिथंच राहिलं, तरी दोघांचा मेळ हळूहळू बसेल."

"मग या वाढूला सांगा ना! काय रे, नको म्हटलं तरी का वाढतोस?"

"तीनदा ‘नको’ ऐकल्याशिवाय ते खरं मानायचं नाही," वाढू अदबीने म्हणाला. "आजोबांनीच शिकवलंय. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या पंगतीत."

आजोबांनी जीभ चावली. आग्रहाची हौस नातीच्या ताटात उतरली होती!

"चुकलंच माझं. अगं, जेवू लागलं की आतड्यांतून संप्रेरकं (रक्तातून निरोप नेणारी रसायनं) निघतात, मेंदूला ‘पुरे’ सांगायला. तो निरोप पुरता पोचायला वीसेक मिनिटं लागतात. तू कार्टून बघत दहा मिनिटांत उठतेस. तोवर दोन पोळ्या जास्तीच्या!"

त्या दिवसापासून वाढू पहिलंच ‘नको’ ऐकू लागला. जेवताना पडदा बंद, ताटात कोशिंबीर जास्त, घास सावकाश. संध्याकाळी आजोबांशी लंगडी! आजोबाच आधी दमायचे.

सहा महिन्यांत केतकी दोन बोटं उंच झाली. वजन जवळपास तेवढंच राहिलं. सहलीला बाईंनी आजोबांनाही बोलावलं होतं. केतकी दोनदा थांबली, पाणी प्यायली, पण माथ्यावर पोचलीच! आनंदाने तिला रडूच आलं.

आजोबांनी डबा उघडला. एक लाडू तिने चवीने खाल्ला.

"अजून एक घे गं!"

"नको."

"अगं, एवढा एकच!"

"आजोबा, वाढू शिकला. तुम्ही कधी शिकणार?"

आजोबांनी हसत झाकण लावलं. केतकी मात्र पलीकडच्या डोंगराकडे बघत होती.