मसुऱ्याच्या न्हाणीतली डोण

बसा रे नीट. आधी ते मोबाईल खिशात घाला. गोष्ट ऐकायची तर काळोखात ऐकायची, नाहीतर जा घरी टीव्ही बघायला. आणि मधेच कोणी "भाई, हे खरं काय?" असं विचारायचं नाही. महादू अजून मसुऱ्यात राहतो, उद्या जाऊन बघून या.

तर हा महादू कलमांचा धंदा करणारा. हापूसची कलमं बांधायची, पिकअपमध्ये भरायची आणि जिल्हाभर पोचवायची. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तो दोडामार्गाकडे एका रबराच्या बागेत कलमं द्यायला गेला. बागवाला नवीन जागा साफ करत होता. त्या जागेत पोर्तुगिजांच्या वेळचं एक कोपेल होतं, म्हणजे ख्रिस्तांवांचं लहानसं देऊळ. वस्ती उठून पिढ्या झालेल्या, छप्पर कधीच गेलेलं, आत वेली आणि वटवाघळं. आणि मधोमध एक दगड. कमरेएवढा उंच, वर घमेल्याएवढा खोलगा, कडेने दोरीसारखी नक्षी, तळाला पाणी सोडायचं भोक. महादूला वाटलं, काय झकास डोण आहे! न्हाणीत पाणी साठवायला आपल्याकडे दगडाची असते ना, तशीच. बागवाला म्हणाला, घेऊन जा, माझी अडचण गेली.

महादूला ती हवी होती त्याला कारण होतं. त्याची लेक पूजा बाळंतपणाला माहेरी आली होती. दोनदा तिची कूस रिकामी झालेली. या खेपेला डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठू दिलं नव्हतं. सगळ्या घराचा जीव त्या न जन्मलेल्या पोरात अडकला होता. नातवंडाला न्हाऊ घालायला महादूने न्हाणीसुद्धा नवी बांधून घेतली होती.

चौघांनी मिळून दगड पिकअपात चढवला आणि अगदी शेवटी तो मागे सरकला. एका गड्याची बोटं दगड आणि फाळक्याच्या मधे सापडली. चिरडली म्हणजे कशी, हाड बाहेर दिसत होतं. रक्त त्या खोलग्यात ठिबकत राहिलं. दुसरा कोणी असता तर दगड तिथेच टाकून आला असता. पण महादूचं डोकं म्हणजे जांभा चिरा. गड्याला दवाखान्यात पोचवलं, डोण धुतली आणि घरी आणली.

शेजारी इनास राहतो, ख्रिस्तांव. महादूचा लहानपणापासूनचा जोडीदार, लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारा. न्हाणीत तो दगड बघितला आणि त्याचं तोंड उतरलं.

"महादू, ही डोण न्हय रे," तो म्हणाला. "हेच्यातला पाणी आमी पोरांच्या डोक्यार ओततंव नि थंयच नाव ठेवतंव. पाणी पडला की नाव देवकच व्हया. नायतर काम अर्धा ऱ्हवता. नि अर्धा काम पुरा करूक कोण तरी येता."

म्हणजे बाप्तिस्म्याचा दगड तो, पाणी पडलं की नाव द्यायलाच हवं. महादू हसला. म्हणाला, आमच्यात नाव बाराव्या दिवशी, तोवर तुझ्या दगडाने जरा कळ काढावी. इनासने पुन्हा एकदा सांगून बघितलं. शहाण्याला शब्दाचा मार, आणि महादू त्या दिवशी शहाणा नव्हता.

पूजाला मुलगा झाला. दवाखान्यातून पोर घरी आलं आणि गावातली सुईण जानकी त्याला न्हाऊ घालायला येऊ लागली. पोराला पायांवर घ्यायची आणि डोणीतलं पाणी तांब्यातांब्याने टाळूवर ओतायची. एरवी रडून घर डोक्यावर घेणारं पोर, पण ते पाणी पडलं की एकदम गप्प. महादूची बायको सुभद्रा कौतुकाने म्हणायची, पाणी मानवलं हो पोराला!

मग आली पाचवी. मंगळवार होता, त्रिपुरी पौर्णिमेची आदली रात्र. पाचवीला सटवाई पोराचं नशीब लिहायला येते. म्हणून घर जागं ठेवायचं, दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवायचा. शेजारीपाजारी पत्ते कुटत बसले आणि मध्यरात्र टळल्यावर उठून गेले. सुभद्रा भिंतीला टेकून पेंगली. जावई मंगेश त्याच दिवशी मुंबईहून आलेला, तोही आडवा झाला. महादू तेवढा जागा होता.

न्हाणीतून पाण्याचा आवाज आला.

डोण भरत होती. संध्याकाळीच त्याने ती उपसली होती. भोकातला बोळा काढून ठेवला होता. नळ बंद होता. तरी भरत होती...

तो न्हाणीच्या दारात गेला. आत चांदणं पडलेलं. पाणी काठापर्यंत आलेलं. थांबलेलं. आणि आतून कोणीतरी विचारलं.

"नांव कितें?"

नाव काय. बस्स, एवढंच. आवाज म्हाताऱ्याचा होता. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा. 

मागे पावलं वाजली. पूजा येत होती. डोळे मिटलेले. हातांत पोर. मानेला धरून कोणीतरी तिला चालवत होतं. मागे तर कोणीच नव्हतं...

मंगेश जागा झाला. तिला धरायला धावला. पोचलाच नाही. केसांना धरून त्याला फरफटत नेलं आणि तोंड त्या पाण्यात दाबलं. दगडाच्या कडेवर दात फुटले. तो आवाज महादू जन्मात विसरायचा नाही. पाणी लाल झालं. मंगेश पाय झाडत होता. घमेलाभर पाण्यात धडधाकट माणूस बुडत होता!

महादूने धावत जाऊन उशाचा कोयता आणला. मंगेशच्या मानेवर काळोख दाटला होता. त्या काळोखावर घाव घातला. कोयता हवेतच अडला. मग महादूचा हात पिळला गेला. सावकाश. ओला पिळा पिळतात तसा. हाड मोडलं. कातडीतून बाहेर आलं. महादू किंचाळला, पण सुभद्रा जागी झाली नाही.

मंगेशला भिंतीवर फेकलं. तो रक्त आणि पाणी ओकत पडला.

आता पूजा डोणीशी होती.

तिचे हात पुढे झाले. पोराचं डोकं पाण्यावर आलं.

"नांव कितें?"

...

पोर खाली गेलं. कान बुडाले.

"नांव कितें?"

इनासचं बोलणं तेव्हा महादूला कळलं. नाव द्यायला हवं. आत्ता. घरात महिनाभर नावांवरून भांडणं झाली होती. एकही आठवेना. भीतीने डोकं रिकामं झालं होतं. पोराचं नाक बुडालं. बुडबुडे आले...

जन्मभर पाठ असलेलं एकच नाव त्याच्या तोंडातून निघालं.

"महादू," तो म्हणाला. "तेचा नाव महादू. सोडा तेका."

जित्या माणसाचं नाव आपण पोराला ठेवत नाही. का ठेवत नाही ते कोणी सांगत नाही. ठेवत नाही, एवढंच.

पाणी गळगळ करत भोकातून निघून गेलं. पूजाचे डोळे उघडले. पोर रडलं. मोडका हात घेऊन महादू तिथेच बसून ढसाढसा रडला. आपल्या हट्टापायी पोर गेलं असतं, हे त्याला तेव्हा समजलं.

दोन दिवसांनी हाताला प्लॅस्टर असतानाच त्याने इनासला आणि गडी माणसांना घेऊन तो दगड जिथून आणला तिथे नेऊन ठेवला. मंगेशचे पुढचे दात गेले. लोकांना सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. पोर मात्र धडधाकट राहिलं, दूध पिऊ लागलं. घराला वाटलं, सुटलो.

बाराव्या दिवशी बारसं झालं. अंगणात मांडव, आत बायकांची गर्दी. मंगेशची बहीण अनुजा हिने पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि पोराच्या कानात नाव सांगितलं, ओंकार. बायकांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. पोर आढ्याकडे बघत पडलं होतं.

इनास जरा उशिरा आला. महादू दारातच खुर्चीवर बसला होता, प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून. इनासने हाक मारली, "महादू, बरो मां रे आता?"

महादू समोर बघत राहिला. इनासला वाटलं, ऐकू आलं नसेल. तो जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "महादू!"

महादूने मान वर केली. इकडे तिकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "कोणाक हाक मारतस रे?"

आणि आत, बायकांच्या गर्दीत, बारा दिवसांच्या पोराने पाळण्यातून ओ दिली.