इराची उघडणी

त्या काळात मिरजेत लोक दाढ काढून घ्यावी तितक्या सहजपणे आठवणींची उघडणी बदलून घेत. गजाननराव पोतनिसांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. समोर डॉ. तस्नीम मुजावरांच्या खुर्चीत त्यांची बायको शालन डोक्याला तारा लावून बसली होती.

त्यांची लेक इरा कृष्णेच्या घाटावर आईच्या हातातून निसटून बुडाली, त्याला बरीच वर्षं झाली. तरी घरात नळ सोडला की शालन किंचाळत धावे. मध्यंतरी तिनं झोपेच्या गोळ्या घेतल्या, कशीबशी वाचली.

"इरा पुसली तर जाणार नाही ना?" गजाननरावांनी पुन्हा विचारलं.

"काका, आपण काहीच पुसत नाही," तस्नीम म्हणाली. "संगणकावर फोटोवर टिचकी मारली की फोटोचा प्रोग्राम उघडतो, गाण्यावर मारली की गाण्याचा. फाइलच्या नावाच्या शेपटावरून संगणक ठरवतो, ही कुणी उघडायची. आठवणीलाही तशी खूण असते. काकूंची ती आठवण 'माझ्यावर गुदरलेलं' म्हणून उघडते, उद्यापासून 'कुठंतरी ऐकलेलं' म्हणून उघडेल. हीच उघडणी. यंत्र विचारतंय, या वेळेपुरतं की नेहमी?"

"तुम्हीच सांगा हो," शालन नवऱ्याला म्हणाली.

"नेहमी! एका वेळेपुरतं घेऊन काय लोणचं घालायचंय?" गजाननराव म्हणाले.

शालन हसली आणि तिनं होकाराचा अंगठा दिला.

घरी तिनं स्वतः नळ सोडला. पाणी धो धो वाहत राहिलं, ती भांडी घासत राहिली. गजाननरावांना रडू आलं.

काही दिवसांनी चहा घेताना ते धीर करून म्हणाले, "इरा पहिल्यांदा 'आई' म्हणाली, तेव्हा तू पोळी करपवली होतीस. आठवतं?"

"आठवतं की! त्या नदीच्या गोष्टीतलंच ना? त्यातला बाप अगदी तुमच्यासारखा हो. बावळट, पण मायाळू."

गजाननरावांनी चहा तसाच ठेवला.

ते तिला घेऊन तडक तस्नीमकडे गेले. ऐकता ऐकता तस्नीमचा चेहरा उतरला. "नेहमी म्हटलं की संगणक एकच फाइल बघत नाही, काका. त्या खुणेच्या सगळ्या फाइलींना तोच नियम लावतो. इराच्या साऱ्या आठवणींवर एकच खूण होती. मला वाटलं, तुम्हाला हे ठाऊक आहे."

"मग उलटं फिरवा!"

"फिरवता येईल. पण काकूंनी हो म्हणायला हवं."

शालननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही दोघं खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "असेलही ती पोर माझी. पण मला तसं काहीच वाटत नाही हो. मग त्या बाईचं एवढं दुःख मी का म्हणून अंगावर घेऊ?"

म्हणजे इरा आता जगात एकट्या गजाननरावांचीच मुलगी होती.

शालननं मायेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "कसे कापताय बघा! तस्नीम, खुर्ची रिकामीच आहे ना? यांनाही बसव."

तस्नीमनं खाली मान घालून विचारलं, "काका, बसता?"

'नाही' म्हणायला गजाननरावांनी तोंड उघडलं. तो शब्द काही केल्या बाहेर येईना.