काशीरामचा एकच फोटो

कॉम्प्युटरवरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायला फार अक्कल लागत नाही, धीर लागतो. आणि त्या दुपारी गिरीज गावच्या जेन्सन फोटोग्राफरचा धीर पार सुटला होता.

वर्षापूर्वी त्याची डिस्क बसली आणि गावातल्या ग्लोरियाच्या लग्नाचे सगळे फोटो बुडाले. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला हा बाबा ताकही फुंकून पीत असे. प्रत्येक कामाच्या तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घरी आईच्या कपाटात. जागृतीच्या लग्नाच्या प्रती तेवढ्या हंगामाच्या धांदलीत राहून गेल्या होत्या. मध्यंतरी तिचे वडील, खाडीत मासे पकडणारे काशीराम, वारले. जन्मभर कॅमेऱ्यासमोर न आलेल्या त्या माणसाचा, मांडवातल्या खुर्चीत बसलेला, हा एवढाच फोटो. त्यांची बायको बायजाकाकी आज तो न्यायला येणार होती.

फोटो उतरले. जेन्सनने डिस्कवरची प्रत उघडली. काशीराम बसलेले होते. मग ताडून बघायला कॉम्प्युटरवरचा मूळ फोटो उघडला, तर खुर्ची रिकामी. मांडव, केळीचे खांब, सगळं जागच्या जागी. माणूस तेवढा नाही.

"आता हे काय नवीन?"

वायर बदलली. दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. काशीराम तिथे आले आणि पहिलीवरून उठून गेले. पुन्हा पुसलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच. जेन्सनने वैतागून माऊस आपटला. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास येऊ लागला होता.

मग त्याला आठवलं. मांडवात काशीराम हळूच म्हणाले होते, "एकच ठेव हां, पोरा. दोन दोन ठिकानी बसायला मला नाय जमनार."

तेव्हा तो हसला होता.

आता त्याने गुपचूप प्रिंट काढली. कागदावर काशीराम आले. कॉम्प्युटरवर आणि दोन्ही डिस्कवर रिकामी खुर्ची उरली.

जिना चढून आलेल्या बायजाकाकीने फोटो छातीशी धरला. "बरा आलाय रं," म्हणत डोळे पुसले.

इथे गप्प बसावं की नाही माणसाने? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एका कागदाचा काय भरवसा? उद्या वाळवी लागली तर? "काकी, एक मिनिट द्या," म्हणत त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि मोबाइलने टिपला.

मोबाइलमध्ये खुर्ची रिकामी होती. त्याने घाबरून कागद पाहिला. तिथेही रिकामी.

त्याच्या पाठीमागे गिऱ्हाइकांची खुर्ची कुरकुरली.

जेन्सनला वळून बघायचा धीर होईना. "काकी... मागे कोण..."

बायजाकाकी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

"उठा आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "घरी चला..."

फोटो टेबलावरच ठेवून ती जिना उतरली.

अर्ध्या तासाने माहेरी आलेल्या जागृतीचा फोन आला. "जेन्सनदादा, पप्पांचा फोटो कुठाय? आई एकटीच, रिकाम्या हाताने आलीय. दारातच उभी आहे, आत येत नाही... पाय धुवायला दोन तांबे पाणी मागतेय."