रापणीच्या खोलीपर्यंत

सत्यवान गुरुजींच्या घरात वायफाय परक्या पाहुण्यासारखं वागत असे. ओटीवर बसायचं आणि आत पाऊल टाकायचं नाही. माजघरात कुणी व्हिडिओ लावला की पडद्यावर गोल फिरत राही.

दोष भिंतींचा होता. तारकर्लीच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून असलेलं हे घर चिऱ्याचं. पूर्वी तिथे फक्त रापणीची खोली होती. रापण म्हणजे गावाने मिळून ओढायचं लांबच लांब जाळं. गुरुजींचे वडील रापणीचे म्होरके होते, म्हणून जाळं ठेवायला त्यांनी ती खोली बांधली आणि मग तिला एकेक खोली जोडत गेले. घर किनाऱ्यासारखंच लांब झालं.

निवृत्त झाल्यावर गुरुजी याच घरात शाळेच्या मुलांना विज्ञान शिकवत. जिल्ह्याची विज्ञानस्पर्धा ऑनलाइन व्हायची. चार मुलांचा संघ, प्रत्येक मूल वेगळ्या खोलीत, दार बंद, कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नाही. एकाचं जरी कनेक्शन तुटलं तरी अख्खा संघ बाद. गेल्या वर्षी मुलं आपापल्या घरी बसली होती आणि अंतिम फेरीत रियाचा पडदा गोठला. जिंकणारा संघ रॉकेट उडताना बघायला जाणार होता. यंदा सिद्धेश, रिया, मंगेश आणि प्राजक्ता सातवीत होती. पुढच्या वर्षी चौघं चार शाळांत पांगणार. म्हणजे ही शेवटची संधी.

गुरुजींनी ओरोसहून पुतण्याला, विनीतला बोलावून घेतलं.

"काका, कितीव मोठो राउटर घेतलात तरी ह्यो भिंती तेका गिळतल्यो," विनीत म्हणाला. "रिपीटर स्वस्त मिळता, पण तो ऐकलेलाच परत सांगत बसता. तुमका मेश व्हया. तीन डब्यांचो सेट. एक दुसरीक देतली, दुसरी तिसरीक."

"म्हणजे रापणच की रे!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी अंगणात दोर आणला आणि मुलांना ओळीने उभं केलं.

"पहिली डबी ओढते, दुसरी धरते, तिसरी पुढे पोचवते. मधली ढिली पडली तर?"

"मासळी पळाली!" मुलं ओरडली.

"आणि गुरुजी, जो दोराक हात लावता तेका वाटो गावता," मंगेशने पुस्ती जोडली. "वाटेन जाणारो पावणो आसलो तरी."

"खायची गोष्ट बरी लक्षात ऱ्हवता तुझ्या," रिया म्हणाली.

"बरोबरच आहे तो," गुरुजी हसले. "रापणीचा नियमच आहे. हात लावील त्याला वाटा."

पांढऱ्या डब्या आल्या. ॲपमध्ये प्रत्येकीचा एकेक हिरवा गोल दिसे आणि तिला जोडलेल्या मुलाचं नाव रेघेच्या टोकाला. गुरुजींनी त्यांना ओटी, माजघर आणि स्वयंपाकघरातलीला रांधप अशी नावं दिली. गुरुजींच्या पत्नी लक्ष्मीकाकूंनी रांधपातली डबी पिठाच्या पत्र्याच्या डब्यांमागे नीट झाकून ठेवली होती, ती गुरुजींनी उघड्यावर आणली. प्राजक्ता हातात फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. शेवटच्या रापणीच्या खोलीत विजेची वायर नव्हती, डबी लावायची सोयच नव्हती. पण रांधपातून उघड्या दारावाटे तिथवर सिग्नल व्यवस्थित पोचत होता. छपरातल्या काचेच्या कौलातून उजेड येई.

"मी हयच बसतंय," प्राजक्ता म्हणाली. ती सगळ्यांत धीट.

स्पर्धेच्या सकाळी चौघं आपापल्या जागी बसली. गुरुजी एकेक दार लावत आले. रापणीच्या खोलीशी पोचले आणि तिथेच थबकले. दाराला आतून लोखंडी पत्रा ठोकलेला होता. खाऱ्या वाऱ्याने लाकूड सडू नये म्हणून. पत्र्याआड सिग्नल मरतो हे मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. पण इतक्या दिवसांत हे दार लावून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं, कारण या घरात ते कधी लावलंच जात नसे.

"मामंजींनी लावूक दिल्यानी नाय कधी," लक्ष्मीकाकू मागून म्हणाल्या. "'अजून सगळे दर्यातून परत येवक नायत,' इतक्याच म्हणत."

"कोण सगळे?"

"ता माका काय ठावक?"

आता जागा बदलायला वेळ नव्हता. आतून प्राजक्ता म्हणाली, "लावा, गुरुजी."

त्यांनी दार लावलं. बिजागरी कुरकुरली. हातातल्या फोनवर रांधपाच्या गोलापुढची रेघ पुसट झाली आणि प्राजक्ताचं नाव करडं पडलं.

माजघरातून निवेदिकेचा आवाज येत होता. पहिला प्रश्न अजून यायचा होता; तोवर तुटलेलं कनेक्शन मोजत नसत. गुरुजींनी कडीला हात घातला. उघडलं तर नियम मोडतो. नाही उघडलं तर संघ बाद.

दाराच्या फटीतून ओल्या दोराचा वास आला. या खोलीत कित्येक वर्षांत दोर नव्हता.

मग ॲपमध्ये रांधपाच्या पुढे एक गोल उमटला. चौथा. त्याला नाव नव्हतं. रेघ ताठ झाली, ओढलेल्या दोरासारखी, आणि प्राजक्ताचं नाव हिरवं झालं.

गुरुजींनी कडी सोडली.

पुढचा तासभर ती रेघ हलली नाही. शेवटचा प्रश्न भरती-ओहोटीवर होता. उत्तर प्राजक्ताने दिलं, खणखणीत आवाजात, आणि चारही खोल्यांतून एकदम आरडाओरडा झाला. जिंकले! मंगेश अंगणात कोलांट्या मारू लागला. रिया रडत होती आणि हसतही होती. विनीतने फोन केला तेव्हा गुरुजींनी तो मुलांच्या आरडाओरड्याकडेच धरला.

प्राजक्ता बाहेर आली ती तळहात फुंकरत.

"आधी सगळां बंद पडलां, गुरुजी. मग मागे कोणतरी दम लावून 'होऽ' म्हणाला. रापण ओढतत तसा. मी वळान बघूक नाय. कॅमेरो चालू होतो ना."

"घाबरलीस?"

"नाय. बरां वाटलां." तिने तळहात पुढे केले. दोन्ही हातांवर दोर ओढल्यासारखे लाल वळ होते. "मिया पण ओढलंय."

लक्ष्मीकाकूंनी गूळ-आल्याचा मालवणी खाजा आणला. गुरुजींनी रापणीच्या रीतीने केळीच्या पानाच्या तुकड्यांवर वाटे घातले. चार मुलांचे, विनीतचा, लक्ष्मीचा, आपला. मग आणखी एक घालून रापणीच्या खोलीत नेऊन ठेवला. दार त्यांनी सताड उघडलं.

संध्याकाळी मुलं ओरडत, उड्या मारत घरी गेली. ओटीवर बसून गुरुजींनी सहज ॲप उघडलं. घरात सगळीकडे पूर्ण सिग्नल होता. अंगणातही होता. माडांखालीही.

चौथा गोल जागेवर होता. त्याच्यापुढे पाचवा होता.

ते बघत असतानाच सहावा उमटला. मग सातवा. एकामागे एक, सरळ ओळीत, रापण ओढताना माणसं उभी राहतात तसे. ओळ वाळू ओलांडून पाण्यात शिरली होती आणि लांबत चालली होती.

गुरुजींनी समुद्राकडे पाहिलं. किनारा रिकामा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आत हाक मारली.

"गो लक्ष्मी, खाजा अजून आसा काय?"

"आसा थोडो. किती व्हयो?"

गुरुजी गोल मोजत होते. ते अजून येतच होते.