कालवांच्या बापाचा शोध

"अहो बाई, पाय जरा वर घ्या… खाली माझं डोकं आहे!"

इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज आठवला की मी अजून पाय आखडून घेते. धक्क्याच्या पायरीवर बसून मी पाण्यात पाय सोडले होते, आणि माझ्या टाचेखालून एक ओलाचिंब माणूस वर आला. केसांत शेवाळ, हातात खरवडणी, ओठांवर हसू.

"मासा समजून ओरडला नाहीत, नशीब माझं."

"मासे इतकं बोलत नाहीत," मी म्हटलं.

तो कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांच्या, हॅचरीतला पाणबुड्या; तिथे त्यांची पिल्लं टाक्यांत वाढवत. समुद्राचं पाणी टाक्यांत आणणारा एक मोठा नळ होता. बुडी मारून त्याच्या तोंडावरची जाळी खरवडायची, हे त्याचं काम. हॅचरी त्याच्या आत्याची. आणि मी तिथे नवी, कालवांच्या जनुकांचे नकाशे काढायला आलेली. कुठलं पिल्लू कणखर, ते कशामुळे, पुढची जोडी कुणाची कुणाशी लावायची… सगळं त्या नकाशावरून ठरायचं.

त्या उन्हाळ्यात खाडीत रोग आला. टाक्यांमागून टाक्या गेल्या. एका टाकीतली पिल्लं मात्र ठणठणीत! मी त्यांचा नकाशा काढला आणि चक्रावले. आई आमचीच होती. बाप आमच्यातला कुणीच नव्हता.

"म्हणजे बाहेरचं प्रकरण," पाणबुड्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आईलाच विचारा ना."

"कालवांचं काही खरं नसतं. आज बाप असलेलं पुढच्या हंगामात आई होऊन बसतं."

"आँ? मग घरात कोण कुणाला काय हाक मारतं?"

मला हसू आवरेना. आत्या मात्र हसल्या नाहीत.

"ही सगळी सख्खी भावंडं, पोरी. आपसात जोड्या लावल्या तर वाण खंगत जाईल. हंगाम सरायच्या आत बाप शोध, म्हणजे दुसऱ्या आयांशी त्याची जोडी लावता येईल. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात दाराला कुलूप."

मग आम्ही दोघं निघालो, होडीतून, खडकाखडकांनी, धक्क्याच्या खांबाखांबांनी. तो बुडी मारून कालव वर द्यायचा, मी त्यातला नखाएवढा तुकडा कापून कुपीत ठेवायचे.

"हा घे. नाक तुझ्या पिल्लांसारखंच आहे बघ."

"कालवाला नाक नसतं."

"म्हणून तर बिचारा सांगू शकत नाही!"

भरती येई, ओहोटी जाई. आमचं बोलणं काही ओसरत नसे. कुपी देताना बोटाला बोट लागे, आणि दोघंही उगाच पाण्याकडे बघत राहू… तेवढा बाप सोडून सगळं सापडत होतं.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. मी म्हटलं, "ऐक ना. बापाचं बीज समुद्रात फार लांब टिकत नाही, पाण्यात विरून जातं. या पिल्लांच्या आईने अंडी सोडली, त्या दिवशी नळाचं पाणी गाळणारं आपलं कापड फाटलं होतं. म्हणजे ते नळातूनच आलं असणार… आणि बाप नळाच्या अगदी तोंडाशी असणार!"

त्याचं वल्हं थांबलं. टोकावरून थेंब गळत राहिले.

"तिथे काही नाही," तो म्हणाला. "मी खरवडतो ना."

एरवी माझ्या एका वाक्यावर दहा प्रश्न विचारणारा हा माणूस… त्या दिवशी होडी परत वळवून मोकळा. नंतरचे काही दिवस नळाकडे जायचं नावच काढेना. मी बुचकळ्यात. पाणी गार होऊ लागलं होतं, हंगाम हातातून निसटत होता.

आणि एका सकाळी तो निथळत माझ्या टेबलापाशी उभा राहिला. तळहातावर मोठं, ओबडधोबड कालव.

"जाळीच्या आतल्या बाजूला होतं. काही वर्षांपूर्वी असाच रोग आला होता, तेव्हा नळाजवळची सगळी मेली, हे एकटं जगलं. खरवडणी लावायला जातो, आणि हात उचलत नाही माझा. आत्याला सांगू नकोस."

नकाशा जुळला. ओळीन् ओळ जुळली! सांगावं तर लागलंच. आत्यांनी त्याचा कान पिरगाळला, आणि त्याच हाताने डोळे पुसले.

मी धाव घेतली ती धक्क्यावर. तो पायरीवर बसला होता, कान लालबुंद.

"नळाचं नाव काढलं तेव्हाच ओळखलं होतंस ना? आत्याला भिऊन गप्प बसलास?"

"आत्याला कोण भितं!" तो पाण्याकडे बघतच राहिला. "बाप सापडला की तुझं काम संपणार. काम संपलं, की तू…"

"वेड्या, बाप सापडला की काम सुरू होतं! जोड्या लावायच्या, पिल्लं वाढवायची, त्यांतली कणखर निवडायची, पुन्हा जोड्या. वर्षानुवर्षं चालतं ते."

त्याने मान वर केली. पापण्यांवर अजून खारं पाणी होतं.

"म्हणजे… कामासाठी राहणार तू."

मी त्याच्या शेजारी बसले. इतके महिने घशाशी येऊन परतणारं वाक्य आता परतायला तयार नव्हतं.

"काम आजच संपलं असतं ना," मी म्हटलं, "तरी मी गेले नसते. तुला सोडून… नाही."