मोगऱ्याचं आवतन

मोगरा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. कुदळ मारली, टोपल्यात घातला आणि नेला, असं करणाऱ्यांच्या मोगऱ्याचं आठ दिवसांत सरपण होतं आणि मग ते पाण्याला नावं ठेवतात. मी चाळीस वर्षं माळीकाम केलं. माझ्या हातचं एकही झाड मेलं नाही असं म्हणत नाही, पण जी मेली ती मालकांच्या आगाऊपणानं मेली. हा मोगरा मात्र जगला. अजून आहे, आणि अजून परडीभर फुलतो. कसा जगला ते सांगतो, पण मधे बोलू नका.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. रोहिणखेडच्या बाजूला धरणाचं काम निघालं होतं आणि नदीकाठच्या एका गावाला उठायचा हुकूम झाला होता. वर माळावर नवं गावठाण आखून दिलेलं. पौषात एके सकाळी त्या गावचे भगवानराव मला शोधत आले आणि वहाणाही न काढता दारातच उभे राहिले.

"कडूबाभाऊ, एक मोगरा हलवा लागते."

मला हसू आलं. एवढ्याशा कामाला सहा कोस तुडवत कशाला आलात, असं म्हणालो.

"थो माह्या पोरीनं लावला हाये. शालूनं. तिले जाऊन पाच वर्सं झाली, मुदतीच्या तापानं गेली. तवापासून तिची माय, सोजरा, त्या झाडापाशीच बसून राह्यते. अर्धं गाव वर गेलं. थे म्हन्ते, मोगरा तिथं लागल्याबिगर मी उठत नाई. पानी चढलं तरी इथंच बसतो."

"आन् नाई लागला त?"

भगवानराव उंबऱ्यावर खाली बसले. मग म्हणाले, "त सोजरा बी राहत नाई, भाऊ."

माझं हसू तिथंच गेलं. मी कुदळ उचलली.

मोगरा कमरेइतका उंच, बुंध्याशी मनगटाएवढा. मी त्याच्या फांद्या छाटल्या, अर्ध्या बाजूनं चर खणून मुळं तोडली आणि चरात चाळलेलं शेणखत भरलं. उरलेली अर्धी बाजू महिन्यानं. घाई केली की झाड दचकतं. माघात तंतुमुळं धरलेली दिसली, तेव्हा उत्तरेकडच्या फांदीला चुन्याचं बोट लावलं, म्हणजे नव्या जागीही तीच बाजू उत्तरेला ठेवता येते. उद्या झाड उचलायचं ठरलं. राहिलं फक्त आवतन.

आमच्या बापाची ही रीत. आदल्या दिवशी सांजच्याला झाडाला हळदकुंकू लावायचं, बुडाशी मूठभर तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं की उद्या तुला न्यायला येतो. आमच्याकडे आवतनं दोन तऱ्हेची असतात. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. झाडाला द्यायचं ते एकट्याचं, हे बापानं मला बजावून सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

मी तांदूळ घेतले तर सोजराबाई पुढं आली. वाळून काडी झालेली बाई. महिनाभर मी त्यांच्याच घरी राहत होतो, पण माझ्याशी चार शब्द बोलली नव्हती.

"आवतन मी देतो, भाऊ. झाड माह्या घरचं हाये."

मी तांदूळ तिच्या हातात दिले. तिनं ते बुंध्याशी ठेवले, पदर पसरला आणि घराकडे तोंड करून म्हणाली, "चूलबंद आवतन हाये. या घरातल्या सर्वायनं या. कोनी मांगं राहू नोका. जेवाले बी तिथंच."

मी तिला थांबवणार होतो. पण भगवानराव खांबाला धरून रडत होते, आणि पोरीला बोलावणाऱ्या आईला गप्प बस कसं म्हणायचं? माझ्यानं ते झालं नाही. ते घर भगवानरावांच्या वडलांनी कोणाकडून तरी विकत घेतलेलं. त्याच्याआधी तिथं कोण जगलं, कोण मेलं, हे त्या वेळी कोणाच्याच मनात आलं नाही.

सकाळी चहा मांडला तर चूल पेटेना. तुराट्या कडकडीत वाळलेल्या, वर रॉकेलही ओतलं. गाडीवान निवृत्तीनं अंगणात विडी पेटवली तीच काडी भगवानरावांनी चुलीत नेली. विझली. दुसरी विझली. आठव्या काडीला निवृत्ती हसायचा थांबला.

"राहू द्या," सोजराबाई म्हणाली. "आवतन घेतलं त्याइनं."

कोणी चहाचं नाव काढलं नाही.

मुळांचा गड्डा चौघांना उचलेल असा माझा अंदाज होता. तरटात बांधला, सुतळी आवळली आणि मी नि निवृत्ती दोघांनीच तो सहज गाडीत ठेवला. सोजराबाई त्याला मिठी मारून बसली. गाडीत ती आणि मोगरा, बाकी काही नाही. पण बैलांनी जू ओढलं आणि गाडी जागची हलेना. चाबूक ओढल्यावर हलली ती चाकं कोरड्या वाटेत चार बोटं रुतवतच. माथ्यावर ऊन, आजूबाजूला चिटपाखरू नाही, नुसता चाकांचा आख कण्हत होता. आणि वास... छाटलेल्या, एक कळी नसलेल्या त्या मोगऱ्याचा असा वास सुटला की निवृत्तीनं नाकाला उपरणं लावलं.

"कडूबा, गाडीत कोन कोन बसलं हाये बे?" तो पुटपुटला.

मी मागं पाहिलं. सोजराबाई सरकत सरकत गाडीच्या पार कडेला आली होती.

"काऊन सरकून राह्यल्या, वयनी? पडान ना..."

"जागा नाई ना, भाऊ," ती हळूच म्हणाली. आणि हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

नव्या गावठाणात नुसता मुरूम. मी महिनाभर आधीच खड्डा घेऊन जुन्या अंगणातली काळी माती त्यात भरून ठेवली होती. चुन्याचं बोट उत्तरेला धरून मोगरा लावला, आळं केलं, उन्हाला तुराट्यांची ताटी उभी केली. पाणी नदीवरून गाडीनं यायचं. रोज सांजच्याला दोन तांबे मी स्वतः घालायचो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. नवव्या दिवशी शेवटचं पान गळलं. त्या दिवसापासून सोजराबाईनं भाकर सोडली. मी फांदीची साल नखानं खरवडून पाहिली, आत वाळकं लाकूड. दुसरी फांदी, तसंच. भगवानराव माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा झाडाबद्दल खोटं बोललो. म्हणालो, जित्तं हाये. घरी पळून जावंसं वाटलं. पण या बाईला तशी टाकून जायला पाय निघेना.

तेराव्या दिवशी भर दुपारी ताटी बाजूला केली आणि खाली वाकून पाहिलं. आळं ओलं होतं. पाण्याचा ड्रम सकाळपासून कोरडा, गाडी यायला अजून अवकाश. माती कोणीतरी हातानं थापून बसवली होती आणि तिच्यावर पंजे उमटले होते. लहान लहान, दहा-अकरा वर्षांच्या लेकराचे.

सोजराबाईनं त्यातल्या एका पंजावर आपला हात ठेवला. "शालू अशीच थापे माती," ती म्हणाली. "दोनी हातानं."

भगवानराव मात्र आळ्याच्या दुसऱ्या बाजूला वाकले होते. तिकडेही तीन पंजे होते. मोठे. एक रुंद, जाड बोटांचा. एकाची बोटं लांबच लांब...

"हे कोनाचे?" त्यांनी विचारलं. मी पायानं माती सारखी केली.

आणि तेव्हाच मला दिसलं. बुंध्याशी, मातीला लागून, मुगाएवढा हिरवा कोंब. त्याच्या शेजारी दुसरा. मी मोजत गेलो, सात निघाले!

"फुटला!" मी ओरडलो. "वयनी, फुटला!"

ती बाई उठली आणि डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता साऱ्या गावठाणातून पळत सुटली. "माहा मोगरा फुटला वं! फुटला!" दारादारातून बायका बाहेर आल्या. कोणी गूळ वाटला. भगवानरावांनी माझे पाय धरले तेव्हा मला लाजही वाटली आणि छातीही फुगली, उगाच कशाला लपवू? त्या सांजेला सोजराबाईनं अख्खी भाकर खाल्ली. चैत्रात मोगरा असा फुलला की हिरवा रंग कुठं दिसेना. जळगाव जामोदपासून लोक मला बोलावू लागले.

चैत्रातच तिनं गावजेवण घातलं. भर दुपारी पुरणपोळीची पंगत उठली, लोक सुपारी कातरत पांगले, आणि सोजराबाईनं मोगऱ्यापाशी सारवून पाच पत्रावळी मांडल्या. पाची भरून वाढल्या.

"पाच काऊन, वयनी?"

"चूलबंद आवतन होतं ना, भाऊ." केसांतला गजरा सावरत ती पहिल्या पानाजवळ बसली. आनंदानं तिचा चेहरा उजळला होता. "हे शालूचं. हे तिघं कोन, थे मले बी ठाव नाई. पन आवतन म्याच देलं, नाई कसं म्हनू? आन् हे तुमचं."

"माहं?"

"देलं तवा तुमी बी त त्याच घरात राहून होते."

मी शेवटच्या पानावर बसलो. मोगऱ्याचा वास दाटला होता, वारा पडला होता. पोळी मोडली, चांगली झाली होती. मान खाली घालून जेवत राहिलो. पाण्याचा तांब्या घ्यायला वळलो आणि परत पाहिलं तर माझ्या पानात अर्धी पोळी जास्त होती. तूप लावलेली, हातानं मोडलेली. शेजारच्या पानावर उरलेली अर्धी.

शालूचं पान पार त्या टोकाला होतं.