दुपारी जागणारा संगणक

"उद्या एक वाजता आपन आतमधीच लपून बसू," अमोल म्हणाला. दीक्षाला बेत लगेच पटला. पौर्णिमाला मात्र घाम फुटला.

अकोल्यातल्या त्यांच्या वस्तीत विहाराला लागून मुलांची अभ्यासिका होती आणि तिची किल्ली बारा वर्षं पुंजाजी आजोबांच्या कमरेला होती. दुपारी एकला ते संगणक स्लीपवर टाकत, कुलूप लावत आणि घरी जेवायला जात. पण गेले चार दिवस तीनला दार उघडावं, तर संगणक टक्क जागा! समितीचे सचिव संघपाल काका यांनी निकाल लावून टाकला: आजोबा दुपारी चोरून येतात आणि त्यावर काहीबाही पाहत बसतात. शनिवारपासून किल्ली दुसऱ्याकडे. आजोबा भांडले नाहीत, नुसते दुपट्ट्याने डोळे पुसत राहिले. दीक्षाच्या हातात पहिलं गोष्टीचं पुस्तक त्यांनीच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं कपाटामागे दडली. कुलूप लागलं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत वाळ्याचा ओला वास आणि कूलरची संथ घरघर. तीनला खोली गार हवी म्हणून कूलर बंद करायचा नाही, हा काकांचाच हुकूम. दीक्षाचे डोळे जड झाले. झोपलेल्या संगणकाला स्वप्न पडत असेल का? त्यात काय दिसत असेल? तिचं मन असंच तरंगत राहिलं. अमोल तर चक्क घोरत होता. पहारेकरी असावा तर असा.

तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपत आलं आणि तो धडधडू लागला. त्याला चिकटलेलं संगणकाचं टेबल थरथरलं, वरचा माउस बोटभर सरकला आणि पडदा उजळला.

दीक्षा ताडकन उठली. संगणकाला शेवटचं कोणी उठवलं, हे त्यालाच विचारता येतं. शाळेत शिकवलं होतं. तिने आज्ञा टाइप केली. उत्तर आलं: माउस.

"आता त काका म्हनतीन, आजोबानंच हात लावला," पौर्णिमा रडवेली झाली.

तीनला आजोबांनी कुलूप उघडलं, सोबत संघपाल काकाही होते. पोरांना आत पाहून काका भडकलेच. दीक्षाने संगणक पुन्हा झोपवला आणि सगळ्यांना हात मागे बांधून भिंतीशी उभं केलं, काकांनासुद्धा. कूलर धडधडला. पडदा उजळला.

"काका, आता कोनं हात लावला?"

काकांचे कान लाल झाले. इतिवृत्त लिहिताना वारा लागावा म्हणून गेल्या आठवड्यात टेबल कूलरला त्यांनीच भिडवलं होतं. दीक्षाने सेटिंग उघडलं आणि माउसने संगणक उठवण्याच्या परवानगीपुढची खूण काढली. आता तो फक्त कीबोर्डने उठणार होता. अमोलने टेबल दूर ओढलं.

"पोरायनं डोये उघडले माहे," काका म्हणाले. मग आजोबांपुढे वाकले. "चुकलो मी, पुंजाजी. किल्ली तुमच्याच जवळ राहू द्या."

आजोबांनी किल्ली चाचपली. मग म्हणाले, "राहीन किल्ली. तू आधी बकेट घे अन् कूलरात पानी टाक."

आणि सचिव निमूटपणे नळाकडे निघाले.